गहूच्या पाठीवरची राख

९ जानेवारी २०२५
सक्करदरा, नागपूर

तिसऱ्याला राख लावत होतो, तेवढ्यात चौथ्याचे मागचे पाय दिसले. तितरी ओरडली नाही. माझ्या मनगटावर दात टेकवून राहिली, चावली नाही. तुमचं बोलणं आठवलं, "कळ येते तवाच ओढा भाऊजी, मधात ओढू नोका." तिसऱ्या कळेला पिल्लू हातात आलं. नाळ दोऱ्यानं बांधून कापली. दुपारचे तीन वाजले होते.

वहिनी, सप्रेम जय भीम. हात धुऊन लगेच लिहायला बसलो आहे, म्हणून अक्षर असं आहे.

आधी फोन केला होता. पिंकीनं उचलला. म्हणाली, "आत्याबाई शेळ्या घेऊन गेल्या." दिवाळीला केला तेव्हाही तुम्ही शेळ्या घेऊन गेला होता. दादाच्या पुण्यस्मरणाच्या दिवशीही. तुमच्या भावाची सून खोटं बोलत असेल तर छान बोलते, तिला रागावू नका. मी पत्रच लिहीत जाईन. पत्र तुम्ही फोडाल.

राख तुमच्याच बरणीतली आहे. तुम्ही माहेरी गेल्यापासून बरणी ओट्याखाली तशीच होती, तोंडाला तुमचंच फडकं बांधलेलं. गोवरीची, दोनदा चाळलेली. तुम्ही लावायच्या तशी फक्त पोटाला आणि पायांना लावली. पिल्लू लवकर सुकतं आणि हातातून निसटत नाही. शेळीच्या पिलांना लावता तशीच कुत्रीच्या पिलांना.

चार पिल्लं आहेत. पहिलं साधं काळं. दुसरं आईसारखं, तितराच्या अंगासारख्या ठिपक्यांचं. तिसरं बापासारखं, गव्हाळ. चौथं पांढरं. त्याचं नाकसुद्धा गुलाबी आहे.

पांढऱ्याबद्दल आज लिहीत नाही.

एक विचारायचं आहे. गव्हाळ पिल्लाच्या डोक्यावर आणि पाठीवर राखेचा डाग आहे. मी तिथे राख लावलेली नाही. आठ वर्षांपूर्वी त्याचा बाप जन्मला, आपला गहू, तेव्हा त्याच्याही अंगावर असाच डाग होता. तुम्ही त्या वेळी त्याच्या डोक्याला राख लावली होती का? आठवत असेल तर एक ओळ टाका. पिंकीकडून निरोप आला तरी चालेल.

तुमचा,
धम्मानंद


२० जानेवारी

वहिनी,

अकरा दिवस झाले. काळ्यानं आणि ठिपकेवाल्यानं डोळे उघडले. गव्हाळ एका डोळ्यानं पाहतं. पांढऱ्याचे दोन्ही बंद आहेत. तुम्ही लाखोळीची डाळ मोजायच्या त्या तराजूवर मी रोज सकाळी चौघांचं वजन करतो. पांढरं सगळ्यात हलकं आहे, पण रोज थोडं वाढतं. तितरी त्याला ढकलत नाही.

उत्तर आलं नाही. मी वाट पाहत नाही. पोस्टमन दिसला की फाटकाशी जातो, एवढंच.

डॉक्टर श्वेता येऊन गेली. माझी विद्यार्थिनी, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिचा जनावरांचा दवाखाना गेल्या वर्षी आपल्या चौकात सुरू झाला. तुमची बरणी पाहून हसली.

"सर, टॉवेल नाही का घरात?"

"आमच्या वहिनींची पद्धत आहे."

"मग वहिनीलेच बोलवा नं. तुम्ही काहून करून राहिले?"

मग तिनं पांढरं पिल्लू खिडकीच्या उजेडात धरलं आणि हसणं थांबवलं.

"असं पहिले कधी निघालं होतं का, सर?"

मी नाही म्हणालो.

तुम्हाला माहीत आहे की निघालं होतं. याच जोडीचं, तितरी आणि गहूचं. २०२२ चा एप्रिल होता. वर पत्रा, कूलरचा पंप बंद, पारा पंचेचाळीसला. त्या वेळीही चौथं पांढरंच होतं. मी ठरवून टाकलं की उन्हानं झालं. म्हणून ही वीण मुद्दाम थंडीत आणली. मधली दोन वर्षं तितरीला गहूपासून दूर ठेवलं, गहूला मात्र बाहेरच्या माद्यांकडे पाठवत राहिलो. या वेळी खोलीत ऊन नव्हतं, उकाडा नव्हता, काहीच नव्हतं. तरी पांढरं आलं.

श्वेता म्हणाली, ठिपका एकाच बाजूनं यावा. आईकडून आला तर बापाकडून नको. दोन्हीकडून आला की पिल्लाचा रंग जातो, आणि रंगाबरोबर कान जातात, डोळे जातात.

मी म्हणालो, "बाप साधा आहे. गव्हाळ. एक ठिपका नाही अंगावर."

"दिसते साधा." तिनं पिल्लू तितरीजवळ ठेवलं. "तुम्हीच शिकवलं होतं नं सर, वाटाण्याच्या धड्यात? दिसते ते येगळं, असते ते येगळं. मी परीक्षेत तेच लिवलं होतं. तुम्ही पाचपैकी चार दिले."

"एक का कापला?"

"अक्षर."

तिनं गहूच्या गालाच्या आतून काडी फिरवली आणि ती काडी बंद पाकिटात घातली. तपासणी बाहेरगावी होते. तीन-साडेतीन आठवडे लागतील.

तीस वर्षं मी फळ्यावर वाटाणे काढले, वहिनी. हिरवे, पिवळे, गोल, सुरकुतलेले. घरच्या कुत्र्याच्या गालाला काडी लावायची, हे मला सुचलं नाही.

ते पहिलं पांढरं पिल्लू गेलं आणि मी त्याला तलावाच्या बाजूला पुरलं. त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्ही मुगीला घेऊन माहेरी गेलात. मुगी त्याच विणीतली आहे, तीही गव्हाळ. तिच्या अंगावर लहानपणी डाग होता का, हे मला आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल.

धम्मानंद


६ फेब्रुवारी

वहिनी,

काल सकाळी पिल्लं झोपलेली असताना स्टीलचं ताट फरशीवर टाकलं. तीन उठली. काळं तर पलंगाखाली गेलं. पांढरं झोपून राहिलं. मग फरशी हलल्याचं कळलं असेल, त्यानं मान उचलली आणि उलट्या दिशेला पाहिलं.

त्याचा डावा डोळा बारीक आहे, मुगाएवढा. उजवा निळा. उजव्यानं दिसतं. माझी सावली पडली की शेपटी हलते.

पहिल्या पांढऱ्याला तुम्ही पिठ्या म्हणायच्या. पिठाच्या डब्यात पडल्यासारखा दिसतो म्हणून. त्याला ऐकू येत नाही हे तुम्हाला माझ्या आधी कळलं. तुम्ही मला सांगितलं नाही. तुम्ही मागच्या अंगणात मातीवर उभ्या राहून टाचेनं दोनदा आपटायच्या, आणि तो वळून यायचा. मी बाहेरून आलो तेव्हा एकदा पाहिलं होतं. म्हणालो, "वहिनी, नाचून राहिल्या काय?" तुम्ही पदर खोचून आत गेलात.

आज मी तसंच आपटून पाहिलं. मागचं अंगण आता नाही. मीच तिथे फरशी घालून घेतली. फरशीवर टाच दुखते, आवाज होतो, जमीन हलत नाही. पिल्लू घाबरलं.

दुपारी जुनी नोंदवही काढली. निळ्या पुठ्ठ्याची. गांधीबागेत दादा ज्या कापडाच्या दुकानात होता, तिथल्या शेठनं घर बदलताना आपली कुत्री रेशीम दादाला देऊन टाकली आणि दादा तिला कापडी पिशवीतून घरी घेऊन आला, तो दिवस पहिल्या पानावर आहे. तुम्ही दोन दिवस तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती तुमच्या पाटाखाली झोपली होती. हेही लिहिलेलं आहे. त्या वेळी मी असं काहीबाही लिहायचो.

रेशीम ठिपक्यांची होती. तिची २०१७ ची वीण सहाव्या पानावर आहे. तीन पिल्लं, दोन ठिपक्यांची. तिसऱ्या ओळीत माझ्या अक्षरात असं आहे:

गहू. नर. रंग गव्हाळ. डोक्यावर व पाठीवर राख.

ही ओळ वाचताना तो दिवस आठवला. पिल्लं पाहायला चार माणसं आली होती. चांगली माणसं, धंतोलीचे एक डॉक्टर होते, त्यांच्या मिसेस होत्या. पिल्लं पंधरा दिवसांची होती. तुम्ही चहा घेऊन आलात आणि ट्रे हातात धरूनच म्हणालात, "भाऊजी, हे राख नाही. राख दोन दिसात झडते. हे केसात हाय."

मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही शेळ्यांचं पाहा. कुत्र्यांचं मी पाहतो."

पाहुणे हसले. दादा हसला नाही. तुम्ही ट्रे ठेवून गेलात.

दोन महिन्यांनी गहूचे जन्माचे केस झडले, अंग एकसारखं गव्हाळ झालं. मी त्याला उचलून तुमच्यापुढे धरलं. "पाहा, गेली की नाही राख?" तुम्ही भाकरी थापत होता. मान वर न करता म्हणालात, "गेली नाही भाऊजी. आत गेली."

हे मी आठ वर्षांत कोणाला सांगितलं नाही. विसरलो होतो असं म्हणणार होतो. विसरलो नव्हतो.

धम्मानंद


१५ फेब्रुवारी

वहिनी,

परवा पिंकीचा फोन आला. आजवर तिनं स्वतःहून केला नव्हता. म्हणाली, "मामाजी, आत्याबाईनं सांगतलं, डोक्याले राख कोनी लावते का. अन् दुसरं इचारलं."

"काय विचारलं?"

"माती कशी निघाली म्हणते. मले समजलं नाही. तुम्हाले समजन म्हणाल्या."

मला समजलं. त्याचं उत्तर या पत्रात नाही. आधी दुसरं लिहितो.

गहूच्या तपासणीचा निकाल आला. त्याच्यात ठिपका आहे. एक प्रत, रेशीमकडून आलेली. श्वेतानं कागदावर काढून दाखवलं. मी मुकाट्यानं पाहिलं, विद्यार्थ्यासारखं. ठिपक्याचं जनुक फक्त काळा रंग उसवतं. गव्हाळ अंगावर काळं नाहीच, तर उसवणार काय? जन्मतः केसांच्या टोकाला थोडं काळं असतं, तेवढ्यावर राखेसारखा डाग दिसतो. ते केस झडले की तोही दिसेनासा होतो. जनुक असतं तिथेच असतं.

तुम्ही हे भाकरी थापताना दोन शब्दांत सांगितलं होतं.

तितरी ठिपक्यांची. गहू आतून ठिपक्यांचा. अशा जोडीची चार पिल्लं झाली तर सरासरीनं एक पांढरं. दोन विणींत दोन आली. गणित चुकलेलं नाही.

आज सकाळी भैय्याजी आले होते, शेठच्या बाजूच्या दुकानाचे, दादाचे जुने दोस्त. त्यांनी एक ठिपक्यांची मादी घेतली आहे, तिला गहूसोबत लावायची म्हणत होते. मी नाही म्हणालो.

"काहून गा मास्तर? तुमचा तं प्लेन हाय. प्लेन अन् प्रिंट जमते, तुम्हीच सांगतलं होतं मले."

"गहू प्लेन नाही, भैय्याजी. त्याच्यात प्रिंट आहे."

ते खाली बसून गहूला उलटापालटा करून पाहायला लागले, कापडाचं थान तपासावं तसं. "कुठं हाय? आतल्या बाजूनं छापला काय?"

तपासणीचा कागद दाखवला. त्यांनी वाचला नाही. एकदम मांडीवर हात मारला.

"मंग आमच्या काळीचं काय?"

त्यांच्या साध्या काळ्या मादीला तीन वर्षांपूर्वी गहूपासून एक ठिपक्यांचं पिल्लू झालं होतं. मी त्यांना म्हणालो होतो की तुमची मादी दुसऱ्या कुत्र्याकडे गेली असणार. चार लोकांत म्हणालो होतो.

"मी तवाच म्हटलं होतं का नाही, आमची काळी तशी नाही म्हणून? तिले वर्षभर साखळीनं बांधून ठेवलं मी, तुमच्या बोलण्यावर!"

"चुकलो."

"मले नोका सांगू. तिले सांगा."

मग त्यांची नजर पांढऱ्याकडे गेली. म्हणाले, "हे रेअर हाय. शुद्ध पांढरा डॅशहंड. पाहिजे तेवढे देईन कोनी. ऐकू येत नाही हे कोनाले समजते?" आणि उचलायला वाकले. पिल्लाला ते आल्याचं कळलं नव्हतं. पाठीमागून हात लागल्याबरोबर त्याचं सगळं अंग थरथरलं. भैय्याजींनी हात मागे घेतला. जाताना म्हणाले, "नाही, नोका इकू मास्तर. मी असाच बोललो."

गहूची पिल्लं अकरा घरांत गेली आहेत. प्रत्येक पिल्लासोबत मी पत्र देतो, खाणं, लस, सवयी, हे तुम्हाला माहीत आहे. आता त्या अकरा घरांना दुसरं पत्र लिहिलं. तुमच्याकडच्या कुत्र्यात न दिसणारा ठिपका असू शकतो, तपासल्याशिवाय जोड लावू नका, चूक माझी आहे. काल आठ टाकली, आज तीन. हे बारावं. मुगीचीही तपासणी करून घ्या, काडी मी पाठवतो. तिथे ठिपक्यांचा कुत्रा नाही हे मला माहीत आहे. तरी.

गहूचं ऑपरेशन येत्या बुधवारी. पिल्लं सुटली की तितरीचं. रेशीमपासून सुरू झालेलं आता थांबेल. काळं आणि ठिपकेवालं यांना घरं मिळाली आहेत, दोघांच्या लोकांना सगळं सांगून. गव्हाळ मी ठेवतो.

धम्मानंद


१७ फेब्रुवारी

माती निघाली नव्हती, वहिनी.

२८ मे होता. मी पिठ्याला पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. तुम्हाला म्हणालो, डॉक्टरांना दाखवून आणतो. तुम्ही पिशवीत फडकं अंथरून दिलं. त्या वेळचे डॉक्टर वयस्कर होते, आता ते नाहीत. ते म्हणाले, ऐकू येत नाही, एका डोळ्यानं दिसत नाही, सांभाळणार कोण? मी म्हणालो, कोणी नाही.

सुई दिली तेव्हा मी बाहेर उभा होतो. आत थांबा म्हणाले होते. थांबलो नाही.

घरी येऊन तुम्हाला सांगितलं, रस्त्यात गेला. तलावाच्या बाजूला पुरला. तुम्ही एवढंच विचारलंत, "माती कशी निघाली हो भाऊजी?" मे महिन्यात ती जमीन कुदळीलाही दाद देत नाही. तुम्ही शेतातल्या आहात. मी म्हणालो, निघाली.

संध्याकाळी तुम्ही तलावाकडे जाऊन आलात. चपलांना धूळ होती. पंधरा दिवसांनी मुगीला घेऊन निघालात. मी सगळ्यांना सांगत राहिलो की दादा गेल्यापासून वहिनींचं इथे मन लागत नव्हतं.

तो आजारी नव्हता. खात होता. तुमच्या टाचेला वळत होता. सांभाळणार कोण, याचं उत्तर घरात भाकरी थापत बसलं होतं, आणि मी ते डॉक्टरांना सांगितलं नाही. पांढऱ्या पिल्लामुळे लोक गहूबद्दल विचारतील, याची मला भीती वाटली. उन्हाचं कारण तेव्हाही पुरं पडत नव्हतं. मला ते पुरं पाडायचं होतं.

नोंदवहीत त्या विणीची तीन पिल्लं लिहिलेली आहेत. चौथी ओळ मी लिहिली नाही.

तुम्हाला ठाऊक होतं. तरी मी सांगायला हवं होतं.


८ मार्च, शनिवार

वहिनी,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. सोबत आणणार आहे. तुम्ही दारातून परत पाठवलंत तर हातात देऊन येईन.

तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही. पिंकीलाही फोन केला नाही. तिला खोटं बोलायला लावणं बरं नाही.

काळं परवा गेलं, ठिपकेवालं काल गेलं. आठ आठवडे झाल्याशिवाय मी पिल्लू देत नाही, हे एक तरी मी नीट पाळलं. गहू ऑपरेशननंतर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आता बोलतो. तितरीचं मंगळवारी आहे. गव्हाळच्या डोक्यावरचा डाग जात चालला आहे. मी रोज फोटो काढतो. दिसेनासा झाला तरी पुढच्या माणसाला दाखवता येईल.

पांढऱ्याला नाव ठेवलेलं नाही.

ते हुशार आहे. भिंतीला अंग लावून सगळं घर फिरतं. मी कुठल्या वेळी कुठे बसतो हे त्याला पाठ आहे. गव्हाळ उठलं की ते उठतं. पण गव्हाळ नसेल तेव्हा त्याला बोलावता येत नाही. दोनदा फाटकाबाहेर गेलं. मी मागून ओरडत धावलो. ओरडून काय होणार, हे माहीत असून ओरडलो.

श्वेता म्हणते, अशी पिल्लं चांगली जगतात. पुढून जावं, हातवारे शिकवावेत, एकट्याला मोकळं सोडू नये. मी शिकेन. मला जमणार नाही असं नाही. तुम्हाला काही मागायला येतो आहे असं समजू नका.

नाही, मागायलाच येतो आहे. मातीचं अंगण मागायला. आणि टाच कशी आपटायची ते तुम्ही एकदा दाखवावं.

बरणीतली राख या चौघांत संपली. बरणी धुऊन वाळवली आहे. फडकंही धुतलं. नोंदवही आणि बरणी पिशवीत घातली आहे, पिल्लासाठी वेगळी पिशवी घेतली. दोन्ही पिशव्या दादाच्या दुकानाच्या आहेत. त्यावरचं नाव आता वाचता येत नाही.

सकाळी साडेसहाची उमरेडची बस आहे.

धम्मानंद


९ मार्च २०२५, रविवार
नोंदवहीतून

फाट्यावर सव्वाआठला उतरलो. गावापर्यंत चालत. पिल्लू पिशवीत झोपलेलं.

वहिनी गोठ्यात शेण काढत होत्या. मुगी आधी आली. पिशवी अंगणात ठेवली, पिल्लू बाहेर निघालं आणि आमच्याकडे पाठ करून ऊन पाहत बसलं. वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले. जवळ आल्या नाहीत. लांबूनच जमिनीवर दोनदा टाच मारली. पिल्लू वळलं.

"राख कुठं कुठं लावली याले?"

"पोटाला आणि पायांना."

"डोक्याले?"

"नाही."

"मंग शिकले म्हणायचे."

चहा झाला. पत्र त्यांनी घेतलं, वाचलं नाही, कणगीवर ठेवलं. नोंदवही मागितली. २०२२ चं पान स्वतः काढलं. बोट तिसऱ्या ओळीखाली ठेवून म्हणाल्या, "लिवा." लिहिलं. चौथं. नर. रंग पांढरा. नाव पिठ्या. २८ मे रोजी मी दवाखान्यात नेऊन मारवलं. त्यांनी ते ओठ हलवत वाचलं. मग २०१७ चं पान उलटलं, माझ्या हातातून पेन घेतलं आणि राख या शब्दावर एक आडवी रेघ ओढली.

मी विचारलं, याचं नाव काय लिहू? पिठ्याच का?

"त्याचं त्याचं होतं. याले पाह्यतो दोन-चार दिवस, मंग सांगतो."

बरणी ठेवून घेतली. पिल्लू तिथे आहे. दुपारच्या बसनं परत आलो.

या विणीच्या चौथ्या ओळीत नावाची जागा रिकामी ठेवली आहे. फोन करून सांगणार आहेत.